जठर रिकामं व्हायला उशीर का होतो?

दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगतं, दुपारचं जेवण रात्री उलटून पडतं. कोल्हापुरात अशा वेळी ‘पित्त झालंय’ म्हणून गोळी घेतली जाते आणि महिने निघून जातात. पण आपल्याला जुना मधुमेह असेल, तर दोष जठराच्या भिंतीतल्या पेशींचा असू शकतो. वाटेत अडथळा नसतानाही अन्न जठरात रेंगाळतं, त्या आजाराला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. जठराचं काम क्रमाने पाहू.

१. जागा होणं. घास उतरताच जठराचा वरचा भाग सैल होतो. मेंदूपासून पोटापर्यंत येणारी व्हेगस नस आणि भिंतीतल्या चेतापेशी हे काम करतात. या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने स्नायू ढिले पडतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या चेतापेशी दुबळ्या होतात आणि थोडक्यातच पोट भरतं.

२. ठेका मिळणं. जठरात मिनिटाला साधारण 3 लहरी उठतात. त्या उठवणाऱ्या पेशींना काहाल पेशी म्हणतात. 1906 चं नोबेल मिळवणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांच्यावरून हे नाव पडलं. रुग्णांच्या जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा या पेशींची घट हा सर्वाधिक आढळणारा दोष ठरला.

३. घुसळण. लहरींच्या जोरावर खालचा भाग अन्न बारीक करतो. कण 1-2 मिलिमीटरचे झाले की पुढे सरकतात. म्हणून पेज उतरते, पण भाकरी अडते.

४. दार उघडणं. जठर आणि आतडं यांच्यामध्ये स्नायूचं कडं असतं, त्याला पायलोरस म्हणतात. नायट्रिक ऑक्साइड कमी पडलं की ते नीट सैल होत नाही.

काहाल पेशी घटतात कशाने? जठराच्या भिंतीत मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी असतात. त्यांतल्या झीज आवरणाऱ्या पेशी कमी झाल्या की काहाल पेशींचं नुकसान होतं, असं संशोधनात दिसलं आहे. मधुमेह हे या आजाराचं एक मोठं कारण आहे. काहींना विषाणुसंसर्गानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हा त्रास होतो, तर अनेकांत कारण सापडत नाही.

तपासणी. आधी दुर्बिणीने अडथळा नाही याची खात्री करतात. मग किरणोत्सारी खूण मिसळलेलं अन्न देऊन ठराविक वेळाने छायाचित्रं घेतात. 4 तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर निदान पक्कं होतं. इथे एक चूक हमखास होते: चालू औषधं सांगायची राहून जातात. अफूजन्य वेदनाशामकं आणि वजन किंवा साखर कमी करणारी काही इंजेक्शनं जठर मंदावतात. ती किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारावं. मनाने बंद करू नयेत.

जेवण. एकदाच पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं, पाच-सहा वेळा खावं. तेलातुपाने जठर आणखी सुस्तावतं, म्हणून तांबड्या रश्श्याचा तवंग आणि मिसळीचा कट टाळावा. मधुमेहात चोथा चांगला म्हणतात, पण या आजारात शेवग्याच्या शेंगा, कच्ची कोशिंबीर यांचा चोथा जठरात साठतो. मऊ भात, मुगाचं वरण, शिजवून घोटलेली भाजी सोसते.

इन्सुलिन. सर्वांत धोक्याची चूक इथेच होते. इंजेक्शन काम करू लागतं, अन्न मात्र जठरातच असतं. त्यामुळे जेवूनही साखर एकदम उतरते आणि काही तासांनी चढते. जेवणानंतर घाम सुटत असेल, हात थरथरत असतील तर साखर लगेच मोजावी. ती कमी निघाली तर साखरपाणी घ्यावं, आणि तो आकडा वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवावा. इन्सुलिन कधी घ्यायचं, ते या नोंदीवरून ठरवता येतं.

पाणीही पोटात ठरत नसेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.