पंधरा लाख पाहुणे

गावची जत्रा जवळ आली की चार प्रश्न उभे राहतात. माणसे उतरणार कोठे? प्यायला पाणी कोठून आणायचे? घाण कोण काढणार? आणि पैसा कोणाचा? चार-पाच हजार माणसे यायची असली तरी पंचांची झोप उडते. मग पंधरा लाख आली तर? एका शहरात तसे घडले. त्याची ही हकीकत.

त्या शहराचे नाव लिस्बन. युरोप खंडात पोर्तुगाल नावाचा देश आहे, त्याची ही राजधानी. गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांचे राज्य होते, तेच हे पोर्तुगीज. लिस्बन टॅगस नदीच्या काठी आहे. वस्ती सुमारे साडेपाच लाख.

जगातील कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या मुख्य धर्मगुरूंना पोप म्हणतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८५ साली तरुणांच्या मेळाव्याची प्रथा घालून दिली. तिला 'जागतिक युवक दिन' म्हणतात. नाव दिन, पण मोठा मेळावा चांगला पाच-सहा दिवस चालतो. तो दोन-तीन वर्षांनी निरनिराळ्या देशांत भरतो. लिस्बनची पाळी २०२२ साली होती. पण करोनाची साथ आली. म्हणून मेळावा १ ते ६ ऑगस्ट २०२३ या दिवसांत भरला.

देशोदेशीची पोरे-पोरी आली. त्यांच्यासाठी शाळा, व्यायामशाळा आणि चर्चची सभागृहे उघडली. पुष्कळ कुटुंबांनी अनोळखी मुलांना आपल्या घरात जागा दिली. हजारो स्वयंसेवक राबले.

पण सगळे एकत्र बसणार कोठे? नदीकाठी एक जागा होती. तेथे पूर्वी शहराचा कचरा टाकीत. तीच जागा नीट करून तेथे मोठे मैदान केले. ५ तारखेच्या रात्री लाखो तरुण तेथेच उघड्यावर झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोप फ्रान्सिस यांनी प्रार्थना चालविली. त्या वेळी सुमारे पंधरा लाख माणसे होती, असा अंदाज दिला गेला.

आता पैशाची गोष्ट बघा. पोप जेथून प्रार्थना चालविणार, तो मंच नगरपालिका बांधणार होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा खर्च लोकांना कळला. ४२ लाख युरो! आपल्या हिशेबाने सुमारे ३७ कोटी रुपये. लोक चिडले. महागाई वाढलेली, घरभाडे परवडत नाही, आणि एका मंचाला एवढा पैसा? खुद्द भाविकही विचारू लागले. शेवटी मंचाची उंची कमी केली. खर्च २९ लाख युरोंवर आला, म्हणजे सुमारे २६ कोटी रुपये. मंच ठेंगणा झाला, पण प्रार्थना काही कमी झाली नाही.

हे कशामुळे झाले? आकडा छापून आला आणि लोकांनी तो वाचला, म्हणून झाले.

मंडळी, आता तुम्हीही वाचू लागला आहात. जत्रेचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावला असेल, तर यंदा जरा थांबून तो वाचा. लावला नसेल, तर लावा म्हणावे. समजले नाही तर पंचांना विचारा. हिशेब विचारण्यात देवाचा अपमान होत नाही.