नवसाक्षरांची परीक्षा जवळ आली. घरच्या घरी उजळणी कशी घ्यायची?

नेवासा, प्रतिनिधी : सही येते म्हणजे लिहिता-वाचता येतं, असं गावात धरूनच चालतात. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेत नेमकं हेच नडतं. पुष्कळ बायामाणसांनी आपली सही चित्रासारखी पाठ केलेली असते. त्याच नावातलं मधलं एक अक्षर वेगळं काढून दाखवलं तर ओळखू येत नाही. त्यामुळे घरात आई, आजी, चुलते कुणी परीक्षेला बसणार असतील तर उजळणीची सुरुवात त्यांच्या नावापासूनच करा. नावातली अक्षरं सुटी करा, उलटसुलट मांडा आणि त्यातून दुसरे शब्द तयार करायला सांगा.

परीक्षा कशी असते ते आधी बघू. १५ वर्षांपुढच्या, शाळा न शिकलेल्या माणसांसाठी हा कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. पेपर १५० गुणांचा. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. पास व्हायला प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात, म्हणजे ५० पैकी १७. एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्या भागात धरून पास करत नाहीत, आणि गडबड इथेच होते. बाजारात हिशेबाला पक्की असलेली बाई आकड्यांत चाळीस गुण घेईल, पण लेखनात फारच कमी पडली तर शेरा ‘सुधारणा आवश्यक’ असाच येणार. म्हणून शेवटच्या दिवसांत जे येतं तेच घोकत बसू नका, जो भाग कच्चा आहे तो आधी धरा.

वाचनात अडचण येते ती एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष. या जोड्या वेगवेगळ्या न शिकवता शेजारी शेजारी लिहून दाखवाव्यात. ‘घर’ आणि ‘धर’, ‘भात’ आणि ‘मात’, ‘बाट’ आणि ‘वाट’ असे शब्द घेतले की फरक डोक्यात बसतो. ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ असा फोडून वाचणारेही बरेच असतात. त्यानंतर जोडाक्षरं. एकटा ‘र’ किती रूपं घेतो बघा : सूर्य, चक्र, ट्रक, शेतकऱ्याचा. चारही ठिकाणी तो वेगळा दिसतो. पुस्तकातली उदाहरणं संपली तर ‘ट्रॅक्टर’ हा शब्द घ्या, तो दारातच उभा असतो.

एक गोष्ट आपल्या भागात जास्त जाणवते. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली त्या तालुक्यात हरिपाठ तोंडपाठ नसलेलं घर सापडणं अवघड. आजीच्या हातात हरिपाठाची पोथी दिली की ती भराभर ‘वाचते’ आणि घरचे खूश होतात. पण ते वाचन नसतं, ती आठवण असते. खात्री करायची असेल तर ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा. उजळणीला पाठ नसलेला मजकूर घ्यावा. एसटीची पाटी, खताच्या गोणीवरचं नाव, रेशनची पावती, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना. कांद्याची पट्टी तर सगळ्यात चांगली. नाव, गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, वजा जाता उरलेली रक्कम, सगळं एका कागदावर. शिवाय ती वाचायला मन लागतं, कारण पैसे आपले असतात.

लेखनात हात हा मोठा अडथळा. खुरपं धरून राठ झालेली बोटं पेन फार दाबून धरतात आणि दोन ओळींत दुखायला लागतात. एकदम पानभर लिहायला लावू नका. सकाळी पाच ओळी, रात्री पाच ओळी पुरे. परीक्षेत काळ्या किंवा निळ्या शाईचं पेन चालतं, म्हणून पाटी-पेन्सिल आता बाजूला ठेवून सराव पेनानेच घ्या. स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, घरातल्यांची नावं, सात वार, बारा महिने एवढं न बघता लिहिता आलं पाहिजे. त्यापुढे चित्र बघून एक साधं वाक्य. ऱ्हस्व-दीर्घावरून फार टोकू नका. शिकलेल्यांच्याही वेलांट्या चुकतात, आणि सारखं टोकलं की माणूस वहीच मिटवतो.

आकड्यांचं दुखणं वेगळंच आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. कान ऐकतो तसं हात लिहितो आणि २५ चे ५२ होतात. चोवीसचे ४२, पस्तीसचे ५३. ‘एकोण’वाले आकडे त्याहून फसवे. एकोणतीस ऐकलं की ३९ आणि एकोणपन्नास ऐकलं की ५९ लिहिलं जातं. एकोण म्हणजे पुढच्या दहाला एक कमी, हे दहा दहाच्या नोटा मांडून दाखवलं की लवकर पटतं. दुसरा घोळ मराठी आणि इंग्रजी आकड्यांचा. नोटेवर, मोबाइलवर, गॅसच्या पुस्तकावर इंग्रजी आकडे, पुस्तकात मराठी. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी पाच इंग्रजी चारसारखा. एकाच कागदावर दोन्ही ओळी लिहून भिंतीला चिकटवा. तोंडी बेरीज-वजाबाकी बहुतेकांना येते, कागदावर मात्र एककाखाली दशक मांडला जातो आणि हातचा राहून जातो. चौकटी आखलेली वही घेतली तर हे सुधारतं.

आणखी एक. ‘आजीला येतच नाही’ असं म्हणण्याआधी तिला दिसतंय का ते बघा. चष्म्याला आपल्याकडे उगाच चाळिशी म्हणत नाहीत. वय चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे गेलं की जवळचं बारीक अक्षर पुसट होतं. फळ्यावरचं वाचणारी बाई वहीतलं वाचू शकत नसेल तर अडचण अक्षरांची नसून नंबरची असू शकते. डोळे तपासून चष्मा आत्ताच करून घ्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

नातवंडांनी शिकवावं, पण पेपर लिहून द्यायला जाऊ नये. असं प्रमाणपत्र घरात येईल, पण बँकेत पैसे काढायची चिठ्ठी पुन्हा अनोळखी माणसाकडूनच भरून घ्यावी लागेल. त्यावर किती रक्कम लिहिली हे आजीला कळणार नाही आणि अंगठा मात्र तिचाच असेल. एवढ्यासाठीच तर हा खटाटोप आहे. नापास झालं तरी बिघडत नाही, पुन्हा बसता येतं.

राज्यात १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ रोजी ही परीक्षा झाली, दोन्ही वेळा रविवारी. मार्च म्हणजे गहू, हरभरा आणि कांदा काढणीचे दिवस. म्हणूनच सकाळी १० ते ५ या वेळेत सवडीने यायची आणि बसल्यापासून तीन तास घ्यायची मुभा ठेवली होती. दिव्यांगांना अर्धा तास जास्त होता. पुढची तारीख आणि केंद्र, जिथे नाव नोंदवलं आहे त्या शाळेत विचारा. सोबत आधार किंवा मतदान कार्ड, फोटो, चालणारं पेन आणि चष्मा न्यायचा. फी काही नाही.