वडिलार्जित चाकूचा जीर्णोद्धार



रत्नागिरीच्या हवेत लोखंड टिकत नाही, हे येथे राहणाऱ्यास सांगावयास नको. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा! खिडकीच्या गजापासून शिवणाच्या सुईपर्यंत कोणतीही वस्तू चार महिने दृष्टीआड झाली की तिला तांबडी कळा आलीच म्हणून समजावे. अशा गावी आजोबांच्या वेळचा एक पोलादी चाकू मला जुन्या पेटीत सापडला व तो पुन्हा चालता करण्यात माझे दोन महिने गेले. ती हकीकत आज सांगावयाची आहे. मी लोहार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. तेव्हा जे सांगेन ते स्वतःच्या हाताने केलेले, आणि जेथे हात चुकला तेथे ती चूकही सांगेन.

चाकू दुमडता, एका पात्याचा, बोटभर लांबीचा. मुठीस दोन्ही अंगांनी सांबरशिंगाचे तकट, आत पितळेचे अस्तर, आणि पाठीशी पोलादी कमान. पाते उघडताना व मिटताना जो 'खट्' असा आवाज येतो तो या कमानीचा. हे सांबरशिंग बहुधा आपल्याच देशातले असावे, कारण इंग्लंडातील शेफील्डचे कारखानदार मुठींसाठी हिंदुस्थानातून सांबरशिंगे नेत असत. आज त्या शिंगाचा व्यापार आपल्याकडे निषिद्ध आहे व ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे जुन्या मुठीचा कपचा उडाला तर तसाच दुसरा मिळावयाचा नाही, हे दुरुस्तीस बसण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

या चाकूने आमच्या घरी दोन कामे होत. आजोबा शाळामास्तर, ते मुलांचे बोरू तासून देत. बोरूच्या टोकाचा तिरपा छेद एका झटक्यात पडला पाहिजे, नाही तर अक्षराची जाडी-बारीकी साधत नाही. वडीलही मास्तरच होते, परंतु पावसच्या वाटेवर आमची थोडी आंब्याची झाडे होती आणि वडिलांना कलमे बांधण्याचा नाद होता. आपल्या भाषेत लेखणीसही कलम म्हणतात व आंब्याच्या बांधलेल्या रोपासही कलमच. आमच्या चाकूने दोन्ही केली.

त्या काळी हापूसची भेटकलमे करीत. कुंडीतील रायवळ रोप चांगल्या झाडाच्या फांदीशी नेऊन टेकवावयाचे, दोहोंची साल थोड्या लाकडासकट दोन-अडीच इंच तासावयाची, ते दोन काप एकमेकांवर बसवून घट्ट बांधावयाचे, आणि दोन-तीन महिन्यांनी जीव धरला की फांदी खालून व रोपाचा शेंडा वरून छाटावयाचा. यात सारे महत्त्व कापाच्या सपाटपणास आहे. धार बोथट असली तर काप फाटतो, मध्ये पोकळी राहते, तीत पाणी शिरते व कलम मरते. म्हणून वडील चाकू कोणाच्या हाती देत नसत. धार पाहावयाची ती पिंपळाच्या पानावर: पान एका हाताने देठाशी धरून चाकू फिरवावा, तो न अडखळता जावा.

आता माझ्या अपराधाकडे येतो. मी दहा वर्षांचा असताना पाटीच्या चौकटीतील एक खिळा उपटण्यासाठी वडिलांचा चाकू न विचारता घेतला आणि पात्याचे टोक गव्हाएवढे मोडले. तुकडा विहिरीत टाकला व चाकू होता तेथे ठेवून दिला. वडिलांनी विचारले तेव्हा मी गप्प राहिलो. धाकटा भाऊ सहा वर्षांचा. तो घाबरून रडू लागला, आणि रडतो तोच अपराधी असे ठरले. त्यास मार बसलाच, शिवाय "याच्या हाती वस्तू टिकत नाही" असा एक शिक्का बसला तो पुढे कित्येक वर्षे पुसला गेला नाही. वडिलांच्या पश्चात चाकू माझ्याकडे आला तोही याच हिशेबाने.

पेटीतून काढला तेव्हा तो चामड्याच्या पिशवीत होता. लोक असे मोठ्या मायेने करतात, परंतु तीच चूक होय. चामडे हवेतील ओल शोषून धरते, आणि ते कमाविताना वापरलेली आम्ले व क्षार पोलादास खात बसतात. पाते मुठीत जणू झाळून टाकल्यासारखे अडकले होते.

अशा वेळी पहिला मोह होतो तो पकडीने ओढण्याचा. तसे केल्यास नख अडकविण्याच्या खाचेपाशी पाते तुटते, किंवा कमान मोडते. मी पिसाच्या टोकाने सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले व चाकू उभा ठेवला; हल्ली रॉकेल दुरापास्त झाले आहे, डिझेलनेही हेच काम होते. साऱ्या चाकूस मात्र त्यात बुडवू नये, शिंग बिघडते. तिसऱ्या दिवशी पाते केसभर हलले. मग थोडे उघडावे, थोडे मिटावे, तेल सोडावे, काळा चिखल बाहेर येईल तो पुसावा, पुन्हा तेच. पूर्ण उघडावयास आठ दिवस लागले. या सर्व काळात पात्यावर जाड फडके गुंडाळलेले असावे. कमान जोराची असते व बोटे आपलीच असतात.

गंज काढताना दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. तांबडा, भुसभुशीत गंज हा पोलादाचा शत्रू. तो ओल धरून ठेवतो व खाली आणखी खात जातो. त्याच्या उलट जुन्या पात्यावर जो काळसर-निळसर गुळगुळीत थर असतो तो काढू नये. कैरी कापल्यावर पाते काळे पडते ते आपण पाहतोच. तसा थर वर्षानुवर्षे साचला म्हणजे तो पोलादास काहीसे पांघरूणच होतो. पुष्कळ लोक पाते आरशासारखे चकचकीत करतात. मला ते म्हाताऱ्याच्या केसांना कलप लावल्यासारखे वाटते. आणि घासून गेलेले पोलाद कोणी परत आणून देत नाही.

तांबडा गंज खरवडण्यास तांब्याच्या जुन्या पैशाची कड उत्तम. तांबे पोलादाहून मऊ, म्हणून गंज निघतो व पात्यास ओरखडा पडत नाही. जेथे हट्टी डाग राहिले तेथे पोलादी लोकरीची अगदी बारीक जात तेलात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने चालवावी. आमच्याकडे पितळ उजळावयास चिंच किंवा आमसूल लावतात. मुठीतील पितळी अस्तर पाहून घरातून तशी सूचना आलीही. ते आम्ल सांध्यात शिरले म्हणजे आतून पोलाद खाते, तेव्हा ती सूचना मी नम्रपणे नाकारली.

पात्याच्या मुळाशी कारागिराची नाममुद्रा असते. तेथे लोकरही लावू नये, केवळ तेल व दातकोरणीसारखी बांबूची काडी. माझ्या चाकूच्या मुळाशी काही दिवसांनी एक तारा व एक क्रूस उमटला. ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स मंडळींची खूण, त्यांना ती १७६४ साली मिळालेली. या खुणेच्या नकलाही पुष्कळ होत, म्हणून मी फार हुरळलो नाही. पण तिच्याजवळ मुकुट आणि त्याच्या दोन अंगांस 'जी' व 'आर' ही अक्षरे निघाली. घरात समज असा की चाकू पणजोबांना व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत बक्षीस मिळाला. तसे असते तर तेथे 'व्ही आर' हवे होते! ही अक्षरे राजा जॉर्जची. म्हणजे चाकू १९१० नंतरचा, व तो आजोबांनी आगबोटीने मुंबईस गेले असता विकत घेतला असावा. बक्षिसाची गोष्ट त्या दिवशी संपली. मला वाईट वाटले हे कबूल करतो.

न गंजणारे पोलाद शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली सिद्ध केले. त्यापूर्वीचे व नंतरचेही कित्येक वर्षांचे चाकू साध्या कर्बयुक्त पोलादाचे. ते गंजते, पण निसण्यावर धार लवकर व बारीक घेते. पोलादाच्या बाबतीत आपणही मागे नव्हतो. येथील 'वूट्झ' पोलादाचे नमुने मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले होते, १७९५ साली पिअर्सन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांनीही १८२० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला.

धार लावण्याविषयी थोडे अधिक बोलतो, कारण येथेच बहुतेक चाकू मरतात. काही वर्षांपूर्वी माझा स्वतःचा एक चाकू मी धार लावणाऱ्याकडे दिला होता. त्याने तो विजेच्या चाकावर धरला, ठिणग्या सुंदर उडाल्या, आणि चाकू परत आला तो धारेवर निळी झाक घेऊन. पोलाद लाल तापवून एकदम थंड केले म्हणजे अत्यंत कठीण पण ठिसूळ होते. मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. त्या दुसऱ्या तापविण्यात प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा रंग येतो. चाकूच्या धारेस पिवळ्यावर थांबावयाचे असते. चाकावर निळा रंग आला म्हणजे तेथील पाणी उतरले; ती धार मऊ झाली, चार दिवसही टिकावयाची नाही. माझी टिकली नाही.

म्हणून हातानेच, साध्या निसण्यावर, पाणी किंवा तेल सोडून धार लावावी. पात्याच्या रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी त्याची पाठ दगडावरून उचलावी व तो कोन शेवटपर्यंत बदलू नये. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूस बोटाला लागेल न लागेल असा पापुद्रा येतो; तो आला की बाजू पालटावी. अखेर चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे व धार मागे ठेवून, दहा-वीस वेळा ओढावे. पिंपळाचे पान सोळाव्या दिवशी कापले गेले.

राहिले मोडके टोक. निसण्यावर पाठीकडून उतार दिला असता तासाभरात नवे टोक काढता आले असते, कोणास पत्ताही लागला नसता. दोनदा दगड हातात घेतला. कलमे बांधावयास टोकाची गरज नसते, काप पात्याच्या पोटाने घेतात. म्हणजे कामाच्या दृष्टीने ते आवश्यक नव्हते, आणि गरज नसता लोखंड काढावयाचे नाही हे मी वर सांगितलेच आहे. पण खरे कारण तेवढेच नव्हते. ते टोक नाहीसे झाले असते तर माझ्यापाशी भावास दाखवावयास काही उरले नसते.

गणपतीस तो डोंबिवलीहून आला तेव्हा आरतीनंतर मी चाकू त्याच्या हाती दिला व झाला प्रकार सांगितला. तो काही वेळ पाते उघडीत-मिटीत बसला. मग म्हणाला, "दादा, मार काही आठवत नाही. पण कलमे बांधताना अण्णा फांदी धरायला तुलाच हाक मारायचे, ते आठवते."

जाताना चाकू मी त्याच्या पिशवीत ठेवला: सुती फडक्यात, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून. महिन्यातून एकदा तेल देतो असे फोनवर सांगतो. त्याच्याकडे निसणा मात्र नाही. येथून कोणी जाणारे मिळाले की एक धाडावयाचा आहे.