घर, शाळा आणि ‘पहले आप’

लखनौच्या अदबीविषयी एक जुनी गोष्ट उत्तर हिंदुस्थानात घरोघर सांगतात. दोन नवाब स्टेशनावर आले. गाडी फलाटाला लागलेली होती. एकाने हात पुढे करून दुसऱ्यास म्हटले, ‘पहले आप.’ दुसऱ्यानेही लवून तेच म्हटले. हा मानपान चालू असतानाच शिटी झाली आणि गाडी निघून गेली. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, प्राथमिक शाळा आणि मुलाचे घर यांच्या संबंधांकडे पाहिले की तिची आठवण होते. शिक्षकांचे म्हणणे असे की, पालकांनी आधी मुलाकडे लक्ष पुरवावे, मग वर्गातल्या शिकवण्याला अर्थ येईल. पालकांचे म्हणणे असे की, शाळेने आधी नीट शिकवावे, मग घरी लक्ष पुरवता येईल. येथे सौजन्य थोडे आणि तक्रार फार, एवढाच काय तो फरक. पण सुटणाऱ्या गाडीत बसायचे असते ते सहा-सात वर्षांच्या मुलाला, आणि ही गाडी त्याच्यासाठी पुन्हा सहजासहजी येत नाही. पहिली-दुसरीत जे मूल वाचायला शिकत नाही, त्याला तिसरी-चौथीची पुस्तके बंदच राहतात.

एके काळी हा प्रश्न विद्येच्या काही शाखांत उद्भवतच नसे, कारण घर आणि शाळा एकच होती. गाणे शिकायचे तर शागीर्द उस्तादाच्या घरी राही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौला संगीताचे महाविद्यालय निघाले आणि गुरुगृहातील विद्या वर्गात आली. वेळापत्रक आले, इयत्ता आल्या, क्रमिक पुस्तके आली. पण रियाज वर्गात पुरा होईना. तो घरीच करावा लागे. वर्ग धडा देतो आणि घर तो मुरवते, ही कामाची वाटणी तेव्हापासून गाण्यात आली. प्राथमिक शाळेच्या बाबतीत तर ती पहिल्यापासूनच आहे, परंतु ती कोणी कोणाला स्पष्ट शब्दांत सांगत नाही.

ही वाटणी किती विषम आहे, हे साध्या हिशेबाने कळते. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये संसदेने केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. वर्षाचे तास ८,७६०. मूल रोज दहा तास झोपते असे धरले, तरी जागेपणाचे पाच हजारांहून अधिक तास उरतात. त्यांतले आठशे शाळेचे. म्हणजे सहांत एक वाटाही नाही. बाकीचे सारे घराचे, अंगणाचे आणि गल्लीचे. शाळेने कितीही जीव तोडून शिकवले, तरी त्या उरलेल्या पाच वाट्यांशी तिचे नाते नसेल, तर शिकवलेले टिकणे अवघड.

कायद्याने हे नाते ओळखले आहे. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावयाची, तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावयाचे आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असावयाच्या. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगताना, पालकांच्या नियमितपणे सभा घेऊन मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची कुवत आणि प्रगती त्यांना सांगावी, असे स्पष्ट लिहिले आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाची वा आईबापांची परीक्षा घेण्याला मात्र कलम १३ ने मनाई केली आहे. आईबाप शिकलेले आहेत की नाहीत हे शाळेने पाहावयाचे नाही. ते जसे असतील तसे त्यांच्याशी सहकार्य करावयाचे, असा त्याचा अर्थ.

परंतु कायद्याने समिती निर्माण होते, सहकार्य निर्माण होत नाही. याची एक बोधप्रद साक्ष लखनौच्या पूर्वेस, त्याच राज्यातील जौनपूर जिल्ह्यात मिळाली. मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या सुमारास तेथील २८० गावांत एक प्रयोग केला. त्या वेळी गावोगाव शिक्षण समित्या कागदावर होत्या. पण बहुतेक पालकांना त्यांची वार्ताही नव्हती, आणि काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हते. काही गावांत सभा घेऊन लोकांना त्यांचे अधिकार समजावून देण्यात आले. आणखी काही गावांत याखेरीज, मुलाला वाचता येते की नाही हे पाहण्याची सोपी चाचणी गावकऱ्यांना शिकवली गेली आणि गावाचे प्रगतिपत्रक तयार झाले. तिसऱ्या गटातील गावांत यापुढे एक पाऊल टाकले गेले. गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याची साधी पद्धत दाखवून, शाळेच्या वेळेबाहेर मुलांचे वाचनवर्ग चालवण्यास सांगण्यात आले. पहिल्या दोन गटांत पालकांचा सहभाग वाढला नाही, शिक्षकांच्या कामात फरक पडला नाही आणि मुलांच्या वाचनातही नाही. तिसऱ्या गटात मात्र वाचनवर्गाला आलेली मुले खरोखर वाचू लागली.

यावरून पालक उदासीन असतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. लोक एकच होते, जिल्हा एकच होता. जेथे त्यांना केवळ ‘तुम्ही लक्ष घाला’ असे सांगितले गेले, तेथे काय करावे हे त्यांना उमगले नाही. जेथे हाताला नेमके, आवाक्यातले काम मिळाले, तेथे माणसे पुढे आली.

वर्गाच्या अपेक्षांचे नेमके हेच दुखणे आहे. प्रगतिपुस्तकावर ‘घरी लक्ष द्यावे’ हा शेरा वर्षानुवर्षे लिहिला जातो. परंतु लक्ष द्यावे म्हणजे काय करावे? सुशिक्षित घर त्याचा अर्थ शिकवणी लावणे असा करते. कष्टकरी घर त्याचा अर्थ मुलाला धाक दाखवणे असा करते. ज्या आईला अक्षरओळख नाही, ती शेरा कोणाकडून तरी वाचून घेते आणि आपल्या अडाणीपणाने खंतावते. त्याऐवजी शिक्षकाने सांगितले की, ‘मुलाला रात्री वेळेवर झोपवा, सकाळी पोटात काही घालून पाठवा आणि संध्याकाळी दहा मिनिटे त्याला पुस्तक मोठ्याने वाचू द्या, तुम्हाला वाचता येत नसेल तरी जवळ बसून ऐका,’ तर यातले एकही काम शिक्षणावाचून अडत नाही. दिवसाच्या शेवटी कोणीतरी आपले ऐकायला बसते, हे मुलाला कळते. वाचण्याची गोडी त्यातून लागते.

गृहपाठाची गोष्टही अशीच. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीस आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचाच द्यावा, असे सुचवले आहे. पुष्कळ पालकांना हे पटत नाही. वही कोरी दिसली की शाळा काही करीत नाही, असे त्यांना वाटते. शाळेने आपल्या अपेक्षेमागचे कारण घराला सांगितले नाही, तर असा संशय वाढणारच. लहान मुलाचा रियाज वहीतल्या ओळींत नसतो. तो गोष्ट ऐकण्यात, बाजारात नाणी मोजण्यात आणि घरातल्यांशी बोलण्यात असतो, हे पहिल्याच सभेत समजावून सांगितले, तर पुढचे गैरसमज टळतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घराच्याही शाळेकडून अपेक्षा असतात आणि त्या बोलून दाखवण्याची जागा त्याला हवी असते. लखनौमध्ये उर्वशी साहनी यांनी १९८६ मध्ये ‘स्टडी हॉल’ ही शाळा सुरू केली. पुढे २००३ मध्ये त्याच इमारतीत, नेहमीची शाळा सुटल्यावर, गरीब वस्त्यांतील मुलींसाठी ‘प्रेरणा’ ही दुपारची शाळा निघाली. यातल्या पुष्कळ मुली सकाळी आपल्या घरचे, नाहीतर दुसऱ्यांच्या घरचे काम करीत. मुली सकाळी वेळेवर येत नाहीत, अशी तक्रार करीत बसण्याऐवजी शाळेनेच आपली वेळ बदलली. मग आईबापांच्या सभा सुरू झाल्या. मुलीला शाळेतून काढू नये, तिचे लग्न लहान वयात करू नये, यावर त्यांत चर्चा होऊ लागल्या. शाळेने घराची अडचण आधी मानली, म्हणून घरापुढे अवघड अपेक्षा ठेवण्याचा अधिकार तिला मिळाला.

मराठी श्रोत्यांना या ठिकाणी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्मरण होईल. १९४५ मध्ये बोर्डीस त्यांनी बालशिक्षणाचे काम आरंभले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, त्याचे मूळ तेथे आहे. १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. ‘आधी कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर या बायकांनी वादात न पडता देऊन टाकले. आधी शाळेने, कारण शिकवणे हे तिचे व्रत आहे, तिला त्याचे प्रशिक्षण आहे, आणि शाळेच्या पायरीचे भय घराला वाटते. घराच्या उंबरठ्याचे भय शाळेला वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे यात एक वेगळी अडचण येते, ती भाषेची. लखनौच्या वर्गात मराठी मूल ‘मेरा पुस्तक’ म्हणते आणि हसू होते. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही, हे कोणी ध्यानात घेत नाही. आजोबा घरी मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ गिरवून घेतात, वर्गात हिंदी वळणाचे येतात, आणि मूल दोन्हीकडे चुकते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. मुलाच्या ‘शिक्षेसंबंधी’ भेटावयास या, असा निरोप आला की नुकत्याच बदलून आलेल्या मराठी आईच्या काळजात धस्स होते! यावर घरी मराठी बोलणे सोडून देणे, हा उपाय नव्हे. मुलाचे शिक्षण शक्य तेथे मातृभाषेतून व्हावे, असे कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचाही तोच कल आहे. घरच्या भाषेत भरपूर ऐकलेले-बोललेले मूल दुसरी भाषाही लवकर उचलते. पालकाने शिक्षकाला भेटून एवढेच सांगावे की, आमच्या घरची भाषा मराठी आहे आणि मूल अमुक ठिकाणी अडखळते ते यामुळे. ही पाच मिनिटांची माहिती शिक्षकाला दुसरीकडून मिळत नाही.

शाळा आणि घर यांचे एकमत नेहमी हितकारकच असते, असेही नाही. ‘मारा, पण शहाणा करा’ असे सांगून मूल गुरुजींच्या हवाली करणारे पालक पूर्वी पुष्कळ होते आणि आजही आढळतात. कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. चिठ्ठी घरी गेली की मार बसतो, हे एकदा अनुभवास आले म्हणजे मूल चिठ्ठी लपवते, पुढे चूक लपवते आणि शेवटी स्वतःच शाळेपासून लपू लागते. त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना मुलाची खरी हकिगत कळेनाशी होते. म्हणून घरी जाणारा पहिला निरोप तक्रारीचा नसावा. मुलाने चांगले केलेले एखादे काम कळवणारा असावा.

पालकसभा कशी असावी, हेही यातून ठरते. ती रोजंदारीवरच्या माणसाला मजुरी बुडवल्याशिवाय येता येईल अशा वेळी असावी. वर्गाच्या अपेक्षा चार-पाचच असाव्यात, त्या मुलांना ज्या शब्दांत सांगितल्या त्याच शब्दांत पालकांना सांगाव्यात, आणि प्रत्येक अपेक्षेबरोबर शाळा स्वतः काय करणार तेही सांगावे. मूल वेळेवर यावे, ही अपेक्षा असेल तर शिक्षकही वेळेवर असेल. वही नीट ठेवावी, ही अपेक्षा असेल तर वही वेळच्या वेळी तपासली जाईल. इतर मुलांच्या देखत कोणाच्या मुलाचे उणे काढू नये, आणि मुलाच्या देखत घरी शिक्षकाची निंदा करू नये. सभेतून उठताना प्रत्येक आईबापाजवळ पुढच्या महिन्यासाठी एकच काम असावे आणि शिक्षकाजवळ त्या मुलाविषयी घरून कळलेली एक नवी गोष्ट असावी.

एवढे करण्यास नवा कायदा लागत नाही आणि वेगळा निधीही लागत नाही. तीस-चाळीस मुलांचा वर्ग असलेल्या शिक्षकाने रोज एका मुलाच्या घराशी दोन शब्द बोलायचे ठरवले, तर शाळेच्या २०० दिवसांत प्रत्येक घराची पाळी पाच वेळा तरी येते.