फवारणी पंप मधेच बंद पडतो? नवी बॅटरी विकण्याआधी हे तपासा

सेलूसारख्या कापसाच्या भागात पंप दुरुस्तीचं दुकान टाकायचंय? मग ही तक्रार हमखास येणार: "पंप चालता चालता बंद पडतो, हलवला की सुरू होतो."

लगेच नवी बॅटरी देऊ नका. दोष वायरिंगमध्ये असला, तर पंप परत येईल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल.

हातमोजे घाला, टाकी धुऊन साधं पाणी भरा. १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर पंप बंद असताना मल्टिमीटर साधारण १२.६ दाखवतो. पण खरी परीक्षा पंप चालू असतानाच होते. तेव्हा बॅटरीवरच आकडा १०.५ च्या खाली गेला, तर बॅटरी थकली. बॅटरीवर १२ आणि मोटरवर १० आले, तर २ व्होल्ट वाटेतच जातायत: फ्यूज, स्विच किंवा थिंबल. औषधाच्या ओलाव्याने तिथे गंज चढतो. एकेक जोड हलवून बघा. जिथे आकडा उडी मारतो, दोष तिथेच. गंज घासा, थिंबल नवीन दाबा.

तपासणीचा दर आधीच सांगा. बॅटरीवरचा नफा आज हुकेल, पण फवारणीचा दिवस वाचलेला शेतकरी पुढच्या हंगामात तुमच्याकडेच येईल.