काठ्यांवर उभा राहणारा तंबू

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या गडवाटा पुन्हा गजबजतात. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड अशा ठिकाणी जाणाऱ्या काहीजणांच्या सॅकमध्ये हल्ली एक वेगळा तंबू दिसतो. या तंबूला स्वतःचे खांब नसतात. दिवसभर चढउतारावर आधाराला घेतलेल्या काठ्याच रात्री त्याचे खांब होतात. दोघांना पुरणारा असा तंबू साधारणपणे एक ते सव्वा किलोचा असतो, तर वाकवून बसवायच्या खांबांचा घुमटाकार तंबू बहुधा दोन-अडीच किलोंचा भरतो. हे निम्मे वजन गेले कोठे? आणि वजनाबरोबर आणखी काय गेले? तंबू घेण्यापूर्वी हे प्रश्न विचारायला हवेत. त्यांची बरीचशी उत्तरे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहेत.

किलोभर वजनाची किंमत

प्रथम एक छोटे गणित करू. १ किलोग्रॅम वस्तू १००० मीटर उंच नेण्यासाठी १ × ९.८ × १००० = ९८०० ज्यूल कार्य करावे लागते. हे झाले सुमारे २.३ किलोकॅलरी. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली, तरी लागणारी ऊर्जा १० किलोकॅलरींच्या आतच राहते. एवढी ऊर्जा अडीच ग्रॅम साखरेत मिळते! मग एका किलोसाठी इतकी धडपड का?

एक कारण असे, की तो किलो हजारो पावलांत दरवेळी गुडघ्यांवर येतो, विशेषतः उतरताना. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एक किलो वाचला, तर एक लिटर पाणी जास्त नेता येते. अनेक गडांवरची टाकी उन्हाळ्यात आटतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या लिटरचे मोल कळते.

मात्र हिशेब पुरा करायला हवा. तुम्ही एरवी काठ्या वापरत नसाल, तर तंबूसाठी त्या मुद्दाम न्याव्या लागतील. काठ्यांची जोडी चारशे-पाचशे ग्रॅमची असते. तेव्हा तंबू, काठ्या, खुंट्या आणि दोऱ्या असे सगळे एकत्र तोलूनच तुलना करा.

खेचणारी दोरी, रेटणारी काठी

घुमटाकार तंबूचे वाकवलेले खांब कापडाला आतून ताणून धरतात. असा तंबू उभारल्यावर उचलून दुसरीकडे ठेवला तरी त्याचा आकार बिघडत नाही. काठ्यांच्या तंबूत कामाची वाटणी निराळी असते. कापड आणि दोऱ्या खेचण्याचे काम करतात. काठी रेटा सोसते. दोरीचे दुसरे टोक खुंटीला, आणि खुंटी जमिनीत. म्हणजे या तंबूच्या सांगाड्यात जमीनही मोडते! जे वजन आपण पाठीवर घेतले नाही, त्याचे काम जमिनीवर सोपवले आहे. मोक्याची एक खुंटी उपटली, तर सारा तंबू अंगावर येतो.

काठी मात्र सहसा दगा देत नाही. लांब, सडपातळ खांब दाबाखाली मोडण्याआधी लचकून वाकतो. त्यासाठी लागणाऱ्या बलाचे सूत्र लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार खांबाची लांबी दुप्पट केली तर तो एक चतुर्थांश बलाने वाकतो. याउलट, भिंतीची जाडी तीच ठेवून पातळ नळीचा व्यास दुप्पट केला, तर ती सुमारे आठपट बल सोसते. घुमटाकार तंबूचे खांब साधारण ८-९ मिलिमीटर जाडीचे, तर चालण्याच्या काठ्या १६-१८ मिलिमीटरच्या असतात. आता कळले ना, एक-दोन काठ्यांवर सारा तंबू कसा तोलला जातो ते?

वारा आणि खुंटी

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन असतो; ताशी ७२ किलोमीटरला तो २४० न्यूटन होतो. तंबूची वाऱ्यासमोरची बाजू २ चौरस मीटर असेल, तर तिच्यावर अनुक्रमे १२० आणि ४८० न्यूटन बल येईल. ४८० न्यूटन म्हणजे जवळजवळ ४९ किलो वजनाइतके! तंबूच्या उतारामुळे प्रत्यक्ष आकडा कमीजास्त होईल, पण अंदाज यावरून येतो.

हे बल खुंट्यांनी सोसायचे असते. काठीच्या टोकाला आडवे खेचणारे बल १०० न्यूटन आहे असे समजा. दोरी जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर तिच्यात २०० न्यूटन ताण येतो आणि त्याचा १७३ न्यूटनांचा घटक खुंटीला सरळ वर उपटू पाहतो. कोन ३० अंश केला, तर ताण ११५ न्यूटनांवर येतो आणि उपटणारा घटक ५८ न्यूटनांवर. खुंटी फक्त दूर रोवल्याने हा फरक पडतो. म्हणून तंबू निवडताना त्याच्या दोऱ्या पुरेशा लांब आहेत ना, हे पाहा.

पण खुंटी शिरतच नसेल तर? सह्याद्रीच्या माथ्यांवर बऱ्याच जागी बोटभर मातीखाली काळा कातळ असतो. तेथे दोरी दगडाला बांधावी लागते. २० किलोचा दगड आणि कातळ यांच्यातला घर्षणांक ०.५ धरला, तर तो सुमारे ९८ न्यूटन बलापर्यंत जागचा हलणार नाही. वरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, की एकेका दोरीला किती मोठे दगड लागतील याचा अंदाज येतो. मुक्काम नेहमी अशा कातळावरच असेल, तर खुंटीवाचून उभा राहणारा घुमटाकार तंबू बरा. वाऱ्यात दोऱ्या मात्र त्यालाही बांधाव्याच लागतात.

आतली जागा

माहितीपत्रकातली लांबी जमिनीवर मोजलेली असते. मध्ये एकच काठी असलेला, १२० सेंटिमीटर उंच आणि २२० सेंटिमीटर लांब तंबू घ्या. निजलेल्या माणसाचे पाय अंथरुणासह २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत येतात. समरूप त्रिकोणांच्या नियमाने दोन्ही टोकांना ११० × २५ ÷ १२० = सुमारे २३ सेंटिमीटर जागा वाया जाते. उरले १७४ सेंटिमीटर! १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोके किंवा पाय कापडाला टेकणारच. दोन काठ्यांच्या आणि उभट टोकांच्या तंबूत ही जागा वाचते.

रात्रीचे दव

कापड टेकल्याने काय बिघडते? शांत झोपेत माणूस मिनिटाला सुमारे ६ लिटर हवा आतबाहेर करतो; आठ तासांत जवळजवळ ३ घनमीटर. उच्छ्वासाच्या दर घनमीटर हवेत सुमारे ३५ ग्रॅम बाष्प असते, तर बाहेरच्या थंड हवेत समजा १० ग्रॅम. म्हणजे दोघांच्या श्वासातून रात्रभरात सुमारे १५० ग्रॅम पाण्याची भर पडते. त्वचेतून निघणारे बाष्प वेगळेच. निरभ्र रात्री कापड आकाशाकडे उष्णता प्रारित करून हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर आतून दव धरते. पिसांची स्लीपिंग बॅग त्याला घासून ओली झाली, की तिच्यात कोंडलेली हवा जाते आणि ऊबही जाते.

यावर उपाय दोन. आत जाळीचा दुसरा पडदा असलेला तंबू घ्यावा. थोडे वजन वाढते, पण ओले कापड अंगापासून दूर राहते. आणि वर झरोका, खाली फट मोकळी ठेवून हवा खेळती राखावी. तंबूत स्टोव्ह मात्र कधीही पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

कापडाबद्दल एवढेच लक्षात ठेवा, की नायलॉन ओले झाल्यावर सैलावते आणि दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर त्या मानाने कमी सैलावते.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर १ मीटर उंचीची काठी छोट्या खळग्यात उभी धरा. टोकाला दोन दोऱ्या बांधा. एक दोरी मित्राने तानकाट्याने ५ न्यूटन बलाने आडवी खेचावी. दुसरीत दुसरा तानकाटा अडकवून ती काठीच्या पायथ्यापासून आधी ५८, मग १००, मग १७३ सेंटिमीटरवर रोवलेल्या खुंटीला बांधा. काठी सरळ उभी असताना काटा अनुक्रमे सुमारे १०, ७ आणि ५.८ न्यूटन दाखवील. हे आकडे एकदा स्वतः वाचलेत, की अंधारात, वाऱ्यात तंबू उभारताना खुंटी कोठे ठोकायची हे कोणाला विचारावे लागणार नाही.