खांद्याला न लागणारी रायफल

अमेरिकेतल्या शिकारी घरांत मूल दहा-बारा वर्षांचं झालं की एक चर्चा हमखास रंगते. हरणाच्या पहिल्या शिकारीला त्याच्या हाती कुठली रायफल द्यायची? कुणी टू-फोर्टी-थ्री विंचेस्टरचं नाव घेतो, कुणी सेव्हन एमएम-झीरो-एटचं. वाद कितीही झाला तरी मुद्दा एकच असतो: हरीण पडलं पाहिजे आणि पोराचा खांदा शाबूत राहिला पाहिजे.

सातारा-सांगलीत यातला हरणाचा भाग लगेच निकालात निघतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, तेव्हा परवाना काढून शिकार करण्याची थोडी फट त्यात शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बुजली. त्याआधीचा इतिहास मात्र इथे मुबलक आहे. शेजारच्या कोल्हापूर दरबारात काळविटांवर पाळीव चित्ते सोडले जात. माणदेशातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे नुसतं रान बघायला आणि लिहायला लागले. आज सांगली जिल्ह्यात हरीण बघायचं तर सागरेश्वरला जावं लागतं. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांसारख्या माणसांनी हट्टाने उभं केलेलं, १९८५ साली जाहीर झालेलं, जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. कुंपणाच्या आत चितळं, सांबरं, काळविटं. ती बाहेर येऊन पिकांत शिरली की शेतकरी वैतागतो, आणि त्याचं वैतागणं रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणून पोराच्या हाती बंदूक देण्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

पोरगं, रायफल आणि खांदा हा प्रश्न मात्र इथे जिताजागता आहे. त्याचं उत्तर या दोन जिल्ह्यांत कितीतरी वर्षं एकाच यंत्राने दिलं आहे: एनसीसीची पॉइंट टू-टू.

एनसीसी १९४८ ची. साताऱ्यात २२ महाराष्ट्र बटालियन, सांगलीत १६ महाराष्ट्र बटालियन, आणि दोन्हींचं ग्रुप मुख्यालय कोल्हापुरात. आठवी-नववीतल्या पोराला परेडचा कंटाळा येतो, बूट चावतात, बेल्टचं पितळ घासून बोटं काळी होतात. तरी तो टिकून राहतो तो फायरिंगच्या दिवसासाठी. त्या दिवशी त्याच्या हाती जी रायफल येते ती बहुधा पॉइंट टू-टू डीलक्स. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची, वजनाला पावणेतीन किलोच्या आसपास, लाकडी बट, साधा बोल्ट. काही जुन्या कोतांमध्ये, म्हणजे शस्त्रागारांत, तिच्याआधीची पिढीही होती, नंबर टू मार्क फोर. ही दिसायला हुबेहूब थ्री-नॉट-थ्री, कारण ती मुळात तीच. आत नळी तेवढी पॉइंट टू-टूची बसवलेली. देह पैलवानाचा आणि ताकद पोराची. पण चार किलोच्या घरातलं ते धूड उचलताना आठवी-नववीतल्या मुलाची मनगटं थरथरायची. निजून फायर करायचं असल्याने निभावून जायचं.

गोळी हातात घेऊन बघण्यासारखी असते. काडतूस सगळं मिळून जेमतेम इंचभर. पुढे शिशाचा उघडा गोळा, वजन सुमारे २.६ ग्रॅम. मागे पितळी पुंगळी, आणि तिच्या बुडाला बारीक कड. ठिणगीचा मसाला या कडेत भरलेला असतो, म्हणून घोडा मधोमध न आपटता काठावर आपटतो. अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली काढलेला हा नमुना अजून फारसा बदललेला नाही. ती पुंगळी बघून एखादं पोरगं हसतं, ‘एवढीशीच?’ म्हणतं. फायरिंग शिकवणारे उस्ताद हसत नाहीत. ही एवढीशी गोळी मोकळी सुटली तर किलोमीटरभराच्याही पलीकडे जाते. म्हणून रेंजला मागे उंच मातीचा बांध लागतोच, आणि पलीकडे वस्ती किंवा गुरं नाहीत हे आधी पाहावं लागतं.

आता धक्क्याचा हिशोब. गोळी आणि बारुदाचा वायू जेवढ्या रेट्याने पुढे जातो तेवढ्याच रेट्याने रायफल मागे येते; ती जड असली की सावकाश येते, हलकी असली की झटक्यात. पॉइंट टू-टूची गोळी हलकी आणि बारूद चिमूटभर, त्यामुळे खांद्यापर्यंत पोचणारी ऊर्जा एका ज्यूलच्याही पाचव्या हिश्श्याच्या आत राहते. थ्री-नॉट-थ्रीची गोळी अकरा ग्रॅमच्या वर, वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास. तिथे हाच आकडा पंधरा ज्यूलच्या घरात जातो. फरक पाच-दहा पटींचा नाही, शंभराच्या आसपास आहे. परवान्यावर मिळणारी भारतीय बनावटीची थ्री-वन-फाइव्ह रायफलही थ्री-नॉट-थ्रीच्याच गोत्रातली.

खांद्यावर पडलेला निळा डाग आठवड्यात जातो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. एकदा दणका बसलेलं पोरगं पुढच्या वेळी चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतं, खांदा पुढे ढकलतं, मान आखडतं. शरीर मार चुकवायला बघतं. गोळी खाली जाते आणि पोराला वाटतं आपला नेमच वाईट. ही खोड ओळखण्याची उस्तादांची एक जुनी युक्ती आहे. पोराच्या नकळत रिकामं काडतूस भरायचं आणि बघत राहायचं. ‘टक्’ एवढाच आवाज होतो आणि नळी खाली झुकते. चोरी पकडली जाते. निम्मी भीती तर आवाजाची असते, म्हणून कानात बोळे घालायला लावणारा उस्ताद खांद्याची निम्मी काळजी तिथेच मिटवतो.

आपल्याकडे याच्या उलट एक समज खोलवर रुजलेला आहे: धक्का सोसला तरच पोरगं तयार होतं. सातारा जिल्हा फौजेचा. आपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ असं कायमचं लागलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली ती साताऱ्यातच. घरात आजोबा सुभेदार, चुलते हवालदार; अशा घरात बारा वर्षांच्या नातवाच्या खांद्याला पिकाच्या राखणीची बाराबोअर लावून ‘दाब चाप’ म्हणण्यात कौतुक असतं. पोरगं मागे कोलमडतं, सगळे हसतात. मला हे कौतुक कधी पटलेलं नाही. ज्या फौजेचं नाव त्यासाठी घेतलं जातं तीच फौज एनसीसीच्या कॅडेटला आधी पॉइंट टू-टू देते, मोठी रायफल नंतर. आणि कायद्याच्या बाजूनेही हे कौतुक लंगडं आहे. शस्त्र कायद्यानुसार परवान्याचं किमान वय २१. १९८३ पूर्वी ते १६ होतं. एकविशीच्या खालच्या मुलांना फक्त प्रशिक्षणापुरती, तीही नेमून दिलेल्या अटींवर, शस्त्र हाताळायची मुभा आहे. राखणीचा परवाना आजोबांचा असतो, नातवाचा नव्हे.

फायरिंगच्या दिवसाची भाषा फौजी हिंदी. ‘लेट के पोजिशन’ म्हटलं की पोरं सतरंजीवर पालथी पडतात. पाय फाकून टाचा जमिनीला टेकवायच्या, डावं कोपर नळीखाली, बट खांद्याच्या खोबणीत घट्ट. ‘शिस्त लो’ म्हणजे नेम धरा. इथे एका गोष्टीकडे चांगला उस्ताद आधीच लक्ष देतो: पोराचा कुठला डोळा सरस? दोन्ही हातांच्या पंजांत छोटा त्रिकोण करून लांबचा खांब त्यातून बघायचा आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो तो नेमाचा. उजव्या हाताच्या काही पोरांचा डावा डोळा सरस निघतो आणि त्यांचा नेम का चुकत होता ते तिथेच उमगतं.

पाच गोळ्या, पंचवीस यार्ड. गुण नेमके मध्यावर लागल्याचे नसतात, पाचही भोकं किती जवळ पडली याचे असतात. याला ग्रुपिंग म्हणतात. पाची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर ती मध्यापासून हातभर दूर असली तरी उस्ताद खूश असतो. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, सरकवून ती मध्यावर आणता येतात. विखुरलेल्या भोकांना माशी सरकवून उपयोग नाही, ती पोराच्या श्वासाची आणि बोटाची कहाणी असते. धक्का नसलेली रायफल ही कहाणी स्वच्छ सांगते, कारण चूक टाकायला दुसरं कुणी नसतं. मग पुंगळ्या मोजायच्या. दिल्या तेवढ्या परत आल्या नाहीत तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसते, जेवणाची वेळ टळली तरी. शेवटी पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून नळी साफ.

हिला पोरांची रायफल म्हणून हिणवणाऱ्यांनी कोल्हापूरकडे बघावं. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनची, म्हणजे निजून नेम धरण्याच्या प्रकाराची, विश्वविजेती झाली, ती याच मापाच्या गोळीवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, तेही पॉइंट टू-टूवरच. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथे खांद्याची मर्दानगी कुणी विचारत नाही.

त्या यशानंतर सांगली-साताऱ्यातले पालक दुकानात विचारायला जाऊ लागले, आणि तिथे त्यांच्यापुढे एअर रायफल येते. वीस ज्यूलच्या आतली, ४.५ मिलिमीटर नळीची असेल तर परवान्याची कटकट नाही. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या छऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, धक्का नावापुरता. तरी इथे एक फसगत आहे. स्प्रिंगची स्वस्त एअर रायफल धक्का देत नाही असं दुकानदार सांगतो. ती देते, आणि विचित्र देते: स्प्रिंग सुटताना मागे, दट्ट्या पुढे आपटल्यावर पुढे, आणि हे सगळं छरा नळीतून बाहेर पडायच्या आत. खांद्याला काही कळत नाही, नेम मात्र हलतो. मोठ्या माणसालाही ती सरळ चालवायला महिनोन् महिने लागतात. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल पोराला सोपी, पण चांगली घ्यायची तर किंमत लाखाच्या पुढे जाते.

म्हणून आधी नेमबाजीच्या क्लबात जावं, तिथल्या रायफलीवर वर्षभर शिकू द्यावं. घ्यायची वेळ आली तर आधी लांबी बघावी. बट खांद्याला लावल्यावर कोपर वाकलेलं राहून बोट चापावर सहज पोचलं पाहिजे. बटाची लांबी कमी-जास्त करता येणारी असली तर तीच दोन-तीन इयत्ता पुरते. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे म्हणून साडेपाच किलोचीच घ्यायची नसते. उभ्याने धरताना पोरगं कमरेतून मागे वाकत असेल तर ती त्याला जड आहे, आणि असं वाकून उभं राहायची सवय लागली की पाठ बोलायला लागते. दुर्बीण सुरुवातीला नको. मुलाला बरोबर न्यावं, तिथेच दहा मिनिटं धरायला लावावी, आणि हात थरथरायला किती वेळ लागतो ते शेजारी उभं राहून बघावं. त्या दहा मिनिटांत दुकानदार काय सांगतोय याकडे फारसं लक्ष दिलं नाही तरी चालेल.